दादरच्या घरातला कारखाना : आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांची गोष्ट

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टमध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांची खोली गेली, 500 चौरस फुटांचं घर आलं. गावाकडची जी माणसं मिलच्या काळात मुंबईला गेली, त्यांच्यातल्या कित्येकांचा पहिला मुक्काम अशाच चाळीत पडला. एका खोलीत दहा-बारा गडी, आणि जागा पुरली नाही की बाहेरच्या पॅसेजमध्ये वळकटी.

नव्या घराचा आनंद कुणाला होणार नाही? पण चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्या जुन्या खोलीबद्दल विचारा. तो भाडं किती होतं ते सांगत बसत नाही. पोटमाळा मी स्वतः चढवला, मोरीचा कठडा मी बांधला, भिंतीतली फळी मी ठोकली, गणपतीच्या आराशीची वायरिंग आम्ही पोरांनीच केली, हे सांगतो. पैसे नव्हते म्हणून केलं, हे खरंच. पण सांगताना चेहरा बघा, पैसे वाचल्याचा तो चेहरा नसतो.

याच चाळींच्या मैदानांत आणि गल्ल्यांत गणपतीला पांढरं कापड ताणून पिक्चर दाखवायची पद्धत होती. कापडाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. मागच्या बाजूला बसणाऱ्याला सगळं उलटं दिसायचं, तरी कुणी उठून जायचं नाही. त्या कापडावरचं चित्र आपल्या देशात ज्या घरात तयार व्हायला लागलं, ते घर वरळीपासून फार लांब नव्हतं. पलीकडे दादरला होतं. दादर पूर्वेला उतरलं की तिथल्या एका मोठ्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचं नाव आहे. आणि हे फाळके कुठले, तर आपल्या त्र्यंबकेश्वरचे.

फाळक्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणतात, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण जनक म्हणजे नक्की काय केलं? त्यांच्या आधी कुणी फिल्म काढलीच नव्हती का? काढली होती. इथेच खरी मौज आहे.

1899 साली मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. फिल्म धुवायला लंडनला पाठवली. 1912 च्या मे महिन्यात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मुंबईत कॉरोनेशन थिएटरला लागला. तोरणेही आपलेच, कोकणातले. त्यांनी नाटक समोर मांडलं, पण कॅमेरा चालवायला गोरा माणूस लावला आणि फिल्म धुवायला विलायतेला गेली. पहिला कोण, यावर आजही वाद होतात आणि तोरण्यांचा मान कमी करायचं कारण नाही. पण फरक लक्षात घ्या. त्या दोन्ही वेळा कामाचा अवघड भाग पैसे देऊन बाहेरून करून घेतला होता. पैसे दिले, काम झालं, पण विद्या घरात आली नाही. फाळक्यांनी ठरवलं की कॅमेऱ्याचं हँडल फिरवण्यापासून फिल्म धुवून वाळत घालेपर्यंत सगळं आपल्याच घरात करायचं. दुसऱ्याच्या खळ्यावर मळणी करून आणणं आणि स्वतःचं खळं करणं, यात जो फरक आहे तोच हा.

हा स्वभाव एका दिवसात आलेला नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला गेलं. भिक्षुकी किंवा पंताची नोकरी, असा त्या घराचा सरळ रस्ता होता. पोराचे हात मात्र शिवशिवायचे. 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं, मग थोरल्या भावाकडे बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात जे दिसेल ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, मातीच्या मूर्ती, इमारतींचे आराखडे. 1892 च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची छोटी प्रतिकृती करून ठेवली, तिला सोन्याचं पदक मिळालं. एका जर्मन जादूगाराकडून जादूसुद्धा शिकले. पुढे जादूचे प्रयोग करताना आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ असं नाव लावत. नातेवाइकांना हा माणूस एका कामावर न टिकणारा वाटला असणार. आपल्याकडेही असा एखादा असतोच, मोटार खोलतो, रेडिओ खोलतो, शेवटी घरच्यांच्या शिव्या खातो.

गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने बायको आणि मूल दोन्ही नेलं. स्टुडिओ बंद झाला. 1902 मध्ये दुसरं लग्न झालं. ही बायको सरस्वतीबाई, वयाने त्यांच्यापेक्षा खूप लहान. पुढच्या गोष्टीत त्यांचं काम फार मोठं आहे, तिथे येऊच.

मग सरकारच्या पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी. पगार चालू, पेन्शनची सोय. पण स्वदेशीचं वारं सुटलं आणि नोकरी सोडली. लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांची जी रंगीत चित्रं घराघरात लागली, त्या छपाईच्या कामात फाळक्यांचाही हात होता. तीनरंगी छपाईचं तंत्र शिकायला 1909 मध्ये जर्मनीला गेले, तिथून मशिनरी आणली. छापखाना मुंबईला हलवला, भरभराट झाली, आणि भागीदारांशी पटलं नाही म्हणून सगळं सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडले. भागीदारांशी न पटणं हे त्यांच्या आयुष्यात परत येणार आहे.

चाळिशी आली होती. हातात काही नव्हतं. अशात 1910-11 च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा विलायती चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण. दुसऱ्या खेपेला सरस्वतीबाईंना घेऊन गेले. असं चित्र आपण काढायचं, हे तिथेच पक्कं झालं.

इथून पुढचं वर्ष म्हणजे वेडच. रोज चार-पाच तास मिळेल तो सिनेमा बघायचा. घरी येऊन कॅटलॉग, पुस्तकं, फिल्मचे तुकडे घेऊन बसायचं. झोप जेमतेम तीन तास. कसं करतात हे सांगायला देशात कुणी नाही, म्हणून डोळ्यांनी बघून बघून शिकायचं. त्या डोळ्यांनीच दगा दिला, दिसायचं बंद झालं. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, तेव्हा कुठे दृष्टी परत आली. दृष्टी आल्यावर काय केलं? परत तेच काम.

पैसा लागणार होता. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उचलले. त्या काळातले दहा हजार म्हणजे आजच्या हिशेबात चांगली बागायती जमीन. 1 फेब्रुवारी 1912 ला बोटीने लंडनला निघाले. तिथे ओळख ना पाळख. ‘बायोस्कोप’ नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली, सरळ आत शिरले आणि संपादकाला भेटले. संपादकाने आधी परावृत्तच केलं, भारतात हे चालायचं नाही म्हणून. पण माणसाची चिकाटी बघून त्यानेच हेपवर्थ या नामांकित निर्मात्याच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे फाळक्यांनी सगळे विभाग हिंडून पाहिले.

एखाद्याने काय केलं असतं? तिथला एखादा कॅमेरावाला पगार ठरवून सोबत आणला असता. काम लवकर झालं असतं, डोकेदुखी कमी झाली असती. फाळक्यांनी माणूस आणला नाही. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोरी फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली आणि 1 एप्रिल 1912 ला परत आले. त्याच दिवशी फाळके फिल्म्स कंपनी सुरू झाली.

बिऱ्हाड चर्नी रोडहून दादर मेन रोडवरच्या मथुरा भवन या बंगल्यात हलवलं. आजचं दादर डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा तो भाग मोकळा होता, झाडं होती, जागा होती. वरळीच्या बीडीडी चाळीसुद्धा त्यानंतर, 1920 पासून पुढे बांधल्या गेल्या. या बंगल्यात एक अंधारी खोली केली, आवारात काचेचं छप्पर उभं केलं. मेमध्ये कॅमेऱ्याच्या पेट्या आल्या. सोबत आलेले नकाशे बघून चार दिवसांत कॅमेरा जोडून उभा केला. ज्याने नव्या इंजिनाची पेटी खोलून, पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवत, एकेक नटबोल्ट बसवून पहिला फटका ऐकलाय, त्याला त्या चार दिवसांची किंमत वेगळी सांगायला नको.

आता काम किती होतं ते बघा. कोरी फिल्म यायची ती सपाट, भोकांशिवाय. कॅमेऱ्यातून ती दात्यांवर पुढे सरकायची, म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडावी लागायची. एका चित्राला एका बाजूला चार, दोन्ही बाजूंना मिळून आठ. एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रं, म्हणजे फुटाला 128 भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला तेव्हा 3,700 फूट होता. हिशेब केला तर नुसत्या तेवढ्या फिल्मला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं. हे यंत्र हाताने चालवायचं, आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम करायच्या सरस्वतीबाई.

कॅमेराही हाताचाच. हँडल सेकंदाला साधारण दोन फेरे, ना जास्त ना कमी. जोरात फिरवलं तर पडद्यावर माणसं रेंगाळतात, हळू फिरवलं तर पळत सुटतात. कडबाकुट्टीचं चाक फिरवणाऱ्याला तो ताल कळेल, फक्त इथे तीन-चार मिनिटं एकसारखा धरायचा आणि समोर काय चाललंय तेही बघायचं. मग अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, वाळवायची, कापून जोडायची.

पण त्याआधी भांडवलाचा प्रश्न होता. दहा हजार संपत आलेले. कोण पैसे देणार? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे लावले. कॅमेरा कुंडीपुढे ठेवला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म त्या कुंडीवर खर्च केली. पडद्यावर लावलं तर मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढला. आपल्या डोळ्यांसमोर रोज उगवतं ते, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. नाव ठेवलं ‘अंकुराची वाढ’. निवडक लोकांना दाखवलं आणि फोटोसाहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. मला विचाराल तर फाळक्यांच्या सगळ्या कामात ही एक मिनिटाची फिल्म सगळ्यात आवडती. ना नट, ना पोशाख, ना देव. कुंडी, वाटाणा आणि महिनाभर धीर धरणारा माणूस. शेतकऱ्याला तो धीर ओळखीचा आहे.

कर्जही पुरलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू घालवणं, असा काळ होता. जाहिराती दिल्या, येणारे बहुतेक कुचकामी. फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर सिनेमात आहे म्हणायचं नाही, हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे म्हणायचं. राजाच्या भूमिकेला दत्तात्रय दाबके मिळाले. तारामतीला बाई मिळेना. नाचगाणं करणाऱ्या बायकांकडेही विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत आचाऱ्याचं काम करणारा नाजूक बांध्याचा पोरगा दिसला, अण्णा साळुंके. तिथे दहा रुपये मिळत होते, इथे पंधरा देतो म्हणाले. आचारी तारामती झाला. रोहिदास पडद्यावर मरतो, म्हणून कुणी आईबाप पोर द्यायला तयार होईनात. फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्रला उभं केलं.

आणि कॅमेरा? स्वतः दिग्दर्शन करताना हँडल कोण फिरवणार? इथेही पगारी गोरा आणला नाही. त्र्यंबकचे ओळखीचे तेलंग, त्यांना बोलावून घेतलं आणि कॅमेरा शिकवला. हे फार थोड्यांना माहीत आहे. भारतात तयार झालेल्या त्या चित्रपटाचं हँडल आपल्या त्र्यंबकच्या माणसाच्या हातात होतं, आणि त्या माणसाने त्याआधी सिनेमाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता.

बंगल्यावर साठ-सत्तर माणसं जेवायला. त्या सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत. नटांचे पोशाख धुणं त्यांच्याकडे. दुपारी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडेल. रात्री सगळे झोपले की फिल्मला भोकं पाडायची. फिल्म धुवायचं, रसायनं कालवायचं कामही नवऱ्याने त्यांना शिकवलं होतं. पोरं लहान, ती वेगळीच. त्यामुळे फाळक्यांनी सगळं स्वतः केलं, असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा थोडं थांबायला हवं. ‘स्वतः’ मध्ये दोन माणसं होती. एकाचं नाव रस्त्याला लागलं, पुरस्काराला लागलं. दुसरीने पगार घेतला नाही आणि पाटीवरही नाव नाही. घरचं काम घरच्यांनी केलं की पैसे वाचतात, हे आपण सहज म्हणतो. ते कुणाच्या झोपेतून वाचतात हे विचारायचं राहून जातं. आपल्या शेतातही कांदा लागण मजुरांशिवाय उरकली म्हणून मिरवणारा एक असतो, आणि वाफ्यात वाकून कंबर गेलेली दुसरी असते.

तरी सरस्वतीबाईंचं काम नुसतं राबणं नव्हतं, हेही तेवढंच खरं. त्या काळात किती बायकांना फिल्म धुवायचं तंत्र येत होतं? देशात किती पुरुषांना येत होतं? बोटांवर मोजण्याइतक्या. ती विद्या त्यांच्या हातात होती.

बाहेरचं चित्रीकरण कर्जतच्या वाटेवरच्या वांगणी गावात झालं. सांगतात की कंपनीची माणसं फाळक्यांच्या आधी गावात पोचली. जवळ तलवारी, ढाली, भाले. गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पाटलाकडे वर्दी गेली, सगळ्यांना अडकवून ठेवलं. फाळके आले, त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, समोर एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली. गावकऱ्यांचं काय चुकलं? आजही परक्या पोरांची गाडी शिवारात दोनदा फिरली तर ग्रुपवर मेसेज पडतोच की.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. 21 एप्रिल 1913 ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना दाखवला आणि 3 मे 1913 ला गिरगावात कॉरोनेशनला लागला. लोक लोटले.

पुढे फाळके आपल्या जिल्ह्यात परत आले. कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, आणि पडद्यावर बाई दिसली. 1914 मध्ये आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी तांत्रिक कामाचं कौतुक केलं, तिथेच राहून काम करा असा प्रस्ताव आला. नाही म्हणाले. नाशिकला माणसं पगारावर आहेत, ती सोडून कसं राहायचं? परत आले तर महायुद्ध सुरू, भांडवल आटलेलं. त्या तंगीत काय केलं? आगकाड्या टेबलावर मांडून, एकेक काडी सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. काड्यांची पेटी तर घरात असतेच!

1917 ला ‘लंकादहन’ आला. साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. हा चित्रपट इतका चालला की मद्रासला गल्ल्याची नाणी बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली.

पैसा दिसला की भागीदार येतात. 1 जानेवारी 1918 ला पाच भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. नाशिकच्या आवारात मोठा पसारा झाला. जनावरं, कारंजं, वाचनालय, तालीमखाना. त्या कंपनीने ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ काढले. बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता, वेळेचा हवा होता. फाळक्यांना एकेक दृश्य मनासारखं होईपर्यंत थांबायचं होतं. भांडण वाढलं. 1919 मध्ये सगळं सोडून बायकापोरांसह काशीला निघून गेले.

इथे फाळक्यांचंच सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. ज्याने कॅमेरा चार दिवसांत जोडला, बिळातून मुंगी काढावी तसं ज्ञान मिळवलं, त्याला दुसऱ्याच्या हातात काम सोपवणं जड जातं. भागीदारही काही दुष्ट नव्हते. त्यांचे पैसे अडकले होते. शेजारच्या बांधावर दोन चांगल्या माणसांचं भांडण होतं तसं ते होतं, दोघांचंही थोडं थोडं खरं.

काशीत ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, ते फार चाललं नाही. कंपनीची घडी यांच्याशिवाय बसेना, म्हणून 1922 मध्ये परत बोलावलं. आले, पण पूर्वीचा अधिकार आला नाही. तोवर इतर लोक पुढे आले होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे. त्यांनी तर कॅमेरा विकतही घेतला नाही. जुना प्रोजेक्टर खोलून, समजून घेऊन, दामले यांच्या मदतीने स्वतःच कॅमेरा घडवला, 1918 मध्ये. फाळक्यांनी दाखवून दिलं नसतं की हे आपल्या माणसाला जमतं, तर कोल्हापुरात कुणी लेथपुढे उभं राहिलं असतं का, कुणास ठाऊक.

1931 ला बोलपट आला आणि मूकपटाची विद्या एका वर्षात जुनी झाली. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. पुढे कोल्हापूरच्या संस्थानातून बोलावणं आलं आणि 1937 मध्ये ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट आला. साठी उलटून गेली होती. आवाजाचं यंत्र, आवाजाचा माणूस, संगीताचा ताफा, प्रत्येक कामाला वेगळा पगारी जाणकार. एका घरात, एका नवरा-बायकोने सगळं करायचे दिवस संपले होते. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. मोठे चित्रपट नव्वदीच्या घरात आणि वीसहून जास्त छोटे, एवढं काम मागे ठेवून ते नाशिकला राहिले. हातात पैसा राहिला नव्हता.

युद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. अखेरच्या दिवसांतही त्यांनी परवान्याला अर्ज केला होता आणि नकाराचं पत्र आलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. सिनेमासृष्टीने फार दखल घेतली नाही. भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 ला सुरू केला.

‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ पूर्ण प्रत आज नाही. फाळक्यांनी 1917 मध्ये तो परत चित्रित केला होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज फक्त पहिलं आणि शेवटचं रीळ शिल्लक आहे. आणखी एक तुकडा मात्र वाचलाय, आणि मोबाइलवर फाळक्यांचं नाव टाकून शोधलं तर सापडतो. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाची छोटी फिल्म आहे ती. आपल्या कामाचं गुपित झाकून ठेवायचं सोडून या माणसाने ते सगळ्यांना दाखवायला फिल्म काढली. तिच्यात फाळके स्वतः दिसतात. नटांना समजावतात, कागदपत्रं चाळतात. मग फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून बघतात, कात्री लावतात, पुन्हा उजेडाकडे धरतात. आवाज नाही. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षही नाही.